दोन कान

सेगेदला फेब्रुवारीत दुपारी चारलाच दिवे लागतात.
तळघरातल्या प्रयोगशाळेत टेबलावर ससा,
भुलीखाली, गाढ.
इबोयाने त्याच्या मानेतली रोहिणी
चिमट्याने एकदाच चेपली आहे,
वर नखाएवढी प्लॅस्टिकची कडी चढवली आहे,
वाट अरुंद व्हावी म्हणून.

आता बघत बसायचं.
शाईचं पेन कागदावर उतरणीला लागतं.
रक्त येतंय, कमी येतंय, अजून कमी.
आत, सोलवटलेल्या जागी, प्लेटलेट जमतात
रस्त्यात कुणी पडलं की माणसं जमतात तशा,
एक थांबली म्हणून दुसरी.
आठव्या मिनिटाला रेघ शून्यावर.
इबोया कडीला टिचकी मारते,
गुठळी सुटते, पेन उसळून वर जातं,
आणि पुन्हा उतरण.
दुपारभर कागदावर करवतीचे दात.

तिचे वडील वेंडेल तिसा नदीवर
बर्फाच्या पहाऱ्याला होते.
पुलाच्या खांबाशी अडलेले थर
लोखंडी टोकाच्या काठीने फोडायचे,
घरी येऊन बूट काढता काढता म्हणायचे,
"नदी अडत नाही गं, खांब अडवतो."
तिला ते कितीतरी वर्षं खरं वाटलं.
इथे मात्र भिंत ऐकते.

चिकटलेली प्लेटलेट एक शब्द टाकते: सेरोटोनिन.
शाबूत भिंतीचं अस्तर तो ऐकतं
आणि मागच्या स्नायूला कळवतं:
सैल सोड, जाऊ दे.
अस्तर खरवडलं गेलं असेल
तर तोच शब्द थेट स्नायूवर पडतो,
तिथे वेगळा ग्राही, वेगळा कान,
आणि स्नायूला ऐकू येतं: आवळ.
कुणी ध चा मा केलेला नसतो.
शब्द तोच, बोलणाराही तोच.
मधलं एक पापुद्र्याएवढं काहीतरी गेलेलं.

फोन वाजतो. गेर्गो, धाकटा भाऊ.
"रविवारी घरी ये. माशाचं सूप करतोय."
एवढंच.
पूर्वी एवढ्यावर ती सायकल काढायची,
मफलर विसरायची.
आई गेल्याचं त्याने दोन दिवस उशिरा कळवलं,
तुझा प्रयोग चालू होता म्हणाला,
तेव्हापासून ह्याच शब्दांत तिला ऐकू येतं:
ये आणि बघ, तू नव्हतीस.
"बघते," ती म्हणते.
गळ्यातून आवाज कसाबसा निघतो.

सव्वापाचला शिरेतून औषध.
ते दुसऱ्या कानात बोळा घालतं,
बस, इतकंच त्याचं काम.
प्लेटलेट बोलतच राहतात.
पेन सवयीने जरा खाली येतं,
अडखळतं, वर चढतं, आणि सरळ चालू लागतं.
दहा मिनिटं. वीस. अर्धा तास.
डॉक्टर लेहोत्स्की चष्मा पुसतात, म्हणतात, "छान,"
आणि शेवटची ट्राम गाठायला निघून जातात.

पण सशाच्या कानाच्या पाळीवर
मघाशी मुद्दाम एक बारीक चीर दिली होती,
रक्त किती वेळात थांबतं ते मोजायला.
ते थांबलेलं नाही.
टिपकागद लाव, उचल, लाव.
लाल ठिपका, लाल ठिपका, जरा फिका,
पुन्हा लाल.
वाहावं म्हणून बोळा घातला
तर ज्यानं थांबायला हवं तेही ऐकेना.

रात्री ती वहीत नोंदते:
औषधाची वेळ, वजन, ठिपके छत्तीस.
खाली पेन्सिलीने, स्वतःसाठी:
अस्तर किती आठवड्यांत भरून येतं?
भरून आलेलं अस्तर
पहिल्यासारखं ऐकतं का?
(पुढच्या सशांवर. चार आठवडे, आठ आठवडे.)

बाहेर पुलाखाली बर्फ खांबाला धडकतोय,
काठी घेऊन आता कुणी जात नाही.
ती दिवा घालवायला उठते, परत बसते,
आठवड्याच्या पानावर शनिवारपर्यंत सगळं भरते
आणि रविवारच्या चौकटीत
पेन्सिलीचं टोक टेकवून ठेवते.