राखीव दोन

फॉर्मवर चौथा रकाना ध्येयाचा.
बाकीच्या बायका लिहितात पोट, कंबर, लग्नाआधी दंड.
खैरुन्निसा हुर्जुक, वय एकसष्ट,
शारजात रोलाच्या मागच्या गल्लीत रोजचे बत्तीस डबे,
तिने लिहिलं: बॅग.

कसली बॅग?
"जायची. कायमची.
एकतीस वर्षं कोणी ना कोणी उचलली गो,
नवऱ्यानं, तो गेल्यावर भाच्यानं, एकदा तर पोलिसानं.
ही शेवटची मना उचलायची हाय."

चाकं असतात ना बॅगेला, मी म्हणाले.
"पट्ट्यावर चाकं चढत नाहीत."

मग मी गणित उलटीकडून मांडलं.
तीस किलो, एका हातात, पट्ट्यापर्यंत अकरा पावलं.
त्याच्या मागे बारा आठवडे.
त्याच्याही मागे आठ किलोचं केटलबेल
आणि उठबस करायला एक खुर्ची.
तयार चार्ट ड्रॉवरभर होते,
त्यातल्या एकालाही
बिर्याणीच्या टोपांनी खाली ओढलेला उजवा खांदा नव्हता,
जिन्यात बोलणारा डावा गुडघा नव्हता,
हाडांच्या रिपोर्टवर उणे दोन पॉइंट सहा नव्हतं.

स्नायू लवकर ऐकतो.
कंडरा कुरकुरते, पण येते मागोमाग.
हाड म्हणजे तालुक्याची कचेरी:
अर्ज पोचला की नाही, तेच महिनोन्महिने कळत नाही.
तरी अर्ज करत राहायचा, दर मंगळवारी, दर शुक्रवारी,
पाठ सरळ, श्वास पोटात धरून.

आमच्यात एका वेळेला उचल म्हणतात.
ती हसली. "उचल तर माझा नवरा घ्यायचा, कंपनीकडून,
फेडता फेडता गेला."

प्रत्येक सेटनंतर मी विचारायचे,
खाला, अजून किती उचली निघाल्या असत्या?
ती म्हणायची, दोन.
आठ किलो असो, अठरा असो: दोन.
मोबाइलवर चित्रण करून मोजलं मी:
पहिली उचल एका सेकंदात, शेवटची साडेतीन.
माणूस सांगेल ते सांगो,
वजन हळू होतं, आणि हळू होणं लपवता येत नाही.
"शून्य उरल्या होत्या, खाला."
"पिठाच्या डब्यात दोन वाट्या रोज मागे ठेवते मी.
शून्य कसा सांगू?"

रमजानात इफ्तारनंतर दहाला यायची,
अंगाला तळणाचा वास.
सेट निम्म्याहून कमी केले, वजन तेवढंच ठेवलं.
कमावायला जेवढं लागतं
तेवढं टिकवायला लागत नाही,
हे स्नायूंबद्दल तरी खरं आहे.

नवव्या आठवड्यात मुद्दाम भार उतरवला
तर दोन दिवस बोलली नाही.
"मागं नेलंस मना."
विश्रांतीतच ताकद बांधली जाते, मी समजावलं,
मलाच ते वाक्य पाठ केल्यासारखं ऐकू आलं.
एकतीस वर्षांत तिला सुट्टी किती, हा रकाना
माझ्या फॉर्मवर नव्हताच.

अकराव्यात खोलीमालकानं कुलूप बदललं.
तिकीट बारा दिवस अलीकडे आलं.
सव्वीसपर्यंतच पोचलो होतो आम्ही.
मी म्हणाले, चार किलो काढा बॅगेतून.
ती म्हणाली, बघते.

रात्री दीडला आवाज आला फोनवर,
मागे कुणाच्या तरी नावाची घोषणा, लहान मूल रडतंय:
"तीस किलो दोनशे ग्रॅम. काटा बघून सांगते.
एक पोरगा धावत आला, नको म्हटलं त्याला.
आणि विचारायच्या आधीच सांगते,
अजून दोन निघाल्या असत्या."

वजन समोर नव्हतं, चित्रण नव्हतं,
साडेतीन की पाच सेकंद, कोण जाणे.
बाराव्या आठवड्याच्या कोऱ्या ओळीत मी लिहिलं:
भार तीस पॉइंट दोन. उचल एक.
राखीव दोन.