सात नंबरचं फडताळ

डुलुथला सप्टेंबरातच स्वेटर निघतात.
विद्यापीठाच्या तळघरात मात्र बारमाही एकच ऋतू:
अठरा अंश, दमटपणा मोजूनमापून.
तिथं मी नोंदी ठेवते, सतरा वर्षं.
साकोलीच्या मास्तरांची मुलगी, अक्षर वळणदार,
एवढ्या भांडवलावर इथवर आले.

ओडेलिया गर्नो पहिल्यांदा आल्या
त्या ओल्या बुटांनी, पायपुसणं ओलांडून,
थेट सात नंबरच्या फडताळापाशी.
"एकतीस खोकी," मी म्हणाले.
"माणसं किती?"
माझ्या वहीत तसा रकाना नव्हता.

मग दर गुरुवारी येत.
घडीची खुर्ची उघडून खोक्यांसमोर बसत
आणि बोलत, ओजिब्वे भाषेत, हळू,
दवाखान्यात भेटीच्या वेळी बोलावं तसं.
असेल हवापाणी, कुणाचं लग्न, कुणाची नवी गाडी.
मला शब्द कळत नसे,
पण मध्येच त्या हसत, आणि मी
उगाच पेन खाली ठेवी.

वर समित्या बसत होत्या.
अध्यक्ष तीनदा बदलले, कॉफीचं यंत्र दोनदा.
'समेट' हा शब्द पत्रकांवर ठळक छापून येई.
बाई तो वाजवून बघत,
बाजारात कलिंगड बघावं तसा.
"आधी नेलेलं परत द्या.
मग शेजारी बसू.
मग बघू बोलायला काही सुचतं का."

अकरा वर्षं लागली.
शेवटचं खोकं अध्यक्षांनी उचललं.
लिफ्ट चालू होती, ढकलगाडी तयार होती.
त्या म्हणाल्या, "जिन्यानं. हातात."
बेचाळीस पायऱ्या.
मधल्या वळणावर तो उंचापुरा माणूस थांबला,
टेकवायला जागा शोधू लागला,
तेव्हा बाईंनी खालून आपले हात लावले.
याचा फोटो नाही.

त्याच आठवड्यात मला एक पिशवी दिली.
लांब, काळे दाणे. "पेरत नाही आम्ही. पाण्यात येतं.
होडीत बसून काठीनं झोडायचं,
थोडं तळ्यालाच परत पडू द्यायचं."
देवधान! मी ओरडलेच.
आमच्या तलावातही येतं, ऋषिपंचमीला
बैलाच्या कष्टाचं चालत नाही म्हणून
आई वर्षातून एकदा शिजवायची.
"एकदाच?" त्या म्हणाल्या. "बाकीचे दिवस काय खाता, पाप?"
आम्ही दोघी खूप हसलो.

रात्री भात शिजताना आठवलं:
ते धान आणायची ढिवरांची एक बाई.
ओलं लुगडं, टोपली डोक्यावर.
आई पायरीवरून भाव पाडायची,
ती अंगणाच्या कडेलाच उभी राहायची.
पाणी वरून ओंजळीत.
तिचं नाव मला माहीत नाही.
विचारायचं कधी सुचलंच नाही.

फेब्रुवारीत गर्नोबाई गेल्या.
आज वाचनकक्षाला त्यांचं नाव दिलं.
भाषणं झाली. ही जमीन मुळात कुणाची
तेही कुणीतरी कागदावरून वाचलं, अडखळत.
नात जोलीन पहिल्या रांगेत,
मांडीवरचं पोर पितळी पाटीकडे हात करत होतं.
केक कापायच्या आत मी खाली आले.

सात नंबर रिकामंच आहे.
तीन मेल आलेत: जागा कमी पडते,
खनिजांचे नमुने तिथं हलवावेत का.
उत्तर दिलेलं नाही.
आज गुरुवार.
खुर्ची उघडून बसते.
काय बोलावं कळत नाही, म्हणून हवापाणीच सांगते:
तळ्यावरून बोचरा वारा सुटलाय, बाई.
पाटीवर तुमच्या नावात एक अक्षर जास्त पडलंय,
जोलीन हसली, बदलून आणतील.
साकोलीला भावाला फोन केला होता,
त्या बाईचं नाव काय म्हणून.
कोण बाई, म्हणाला.
मग थोडं थांबून,
तलावाकडच्या कुणाला तरी
विचारून बघतो, म्हणाला.