डोंगर कोणत्या बाजूला

आधी गाडीची उंची सांगा,
मग पुस्तकांचं बोलू.
दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारतो
आणि प्रत्येक जण छताकडे बघतो,
जणू गाडी तिथे टांगली आहे.

व्हर्ना लिंडग्रेनलाही माहीत नव्हती.
तिची मोटरहोम बाहेर उभी,
एकोणतीस फूट, साबणाच्या वडीसारखी कडांना झिजलेली.
मी शिडीवर चढलो, झाडू आडवा धरला,
खाली टेपचं टोक तिने पायाने दाबलं.
अकरा फूट आठ इंच.
वरचा एसीचा डबा लोक विसरतात,
पूल विसरत नाही.
आकडा चिकटपट्टीवर लिहून
स्टिअरिंगच्या वर लावून दिला.

आता पुस्तकं.
हे चकचकीत बघा, पानोपानी सूर्यास्त.
त्या सूर्यास्ताशी एकोणतीस फूट वळवायला जागा आहे का,
ते कुठेच नाही.
हा ट्रकवाल्यांचा ॲटलस. रुक्ष आहे, पण खोटं बोलत नाही:
पुलांची उंची, चढाचे टक्के,
कुठल्या घाटात ब्रेक तापतात.
आणि हे तारेच्या बांधणीचं, मांडीवर उघडं राहतं.
पाणी कुठे भरायचं, मैल्याची टाकी कुठे रिकामी करायची.
दहा वर्षं जुनं आहे,
यातले काही फोन आता कुणी उचलत नाही,
नद्या मात्र त्याच.

"माझ्याकडे मोबाईल आहे की."
असेल. सिल्व्हरटनच्या अलीकडे
त्याचं घड्याळ होतं.

तिने तिन्ही चाळली, मागून पुढे,
भाजी निवडावी तशी.
मग विचारलं,
"डोंगर कोणत्या बाजूला, ते यातल्या कशात लिहिलंय?"

मला कळलं नाही.

"एक्केचाळीस वर्षं गाडी वेंडेलने चालवली.
नकाशा माझ्या मांडीवर, दरी माझ्या खिडकीत.
तो म्हणायचा, बघ, बघ काय दिसतंय!
आणि मी नकाशात तोंड खुपसून
गावांची नावं मोठ्याने वाचायचे,
मागे पडलेलीसुद्धा."

मॉन्ट्रोझमध्ये तीस वर्षं नकाशे विकतोय.
चढ विचारतात, पेट्रोल विचारतात,
अस्वलं विचारतात, कुत्रं चालेल का विचारतात.
हे कुणी विचारलं नव्हतं.

कानामागची पेन्सिल काढली.
उरेहून दक्षिणेला उतरलात
तर दरी उजवीकडे, आणि कठडा नाही.
दुरँगोकडून वर आलात तर डोंगर उजवीकडे,
इतका जवळ की कातळातून झिरपणारं पाणी दिसेल.
तेव्हा सरळ जाऊ नका.
प्लेसरव्हिल, डोलोरेस, असा वळसा घाला
आणि खालून या. साठेक मैल जास्त पडतील.

"पण आता चालवणार तुम्हीच," मी म्हणालो,
"तुम्ही डावीकडे असाल. उजवी सीट तर..."
आणि जीभ चावली.

"रिकामी आहे," व्हर्ना म्हणाली.
"तरी तिथे दरी नको."

सूर्यास्त तिने परत फळीवर ठेवले.
ॲटलस घेतला, तारेचं घेतलं,
पैसे मोजताना एक नाणं माझ्या टेबलाखाली गेलं, ते राहू दे म्हणाली.
दोन्ही पुस्तकं उजव्या सीटवर ठेवून
त्यांच्यावरून पट्टा आवळला,
वळणावर घसरू नयेत म्हणून.
मग आरसा खाली ओढला, पुन्हा वर केला,
तो अजून कुणा उंच माणसाच्या डोळ्यांसाठी लावलेला होता.

त्या रात्री दुकान उशिरा बंद केलं.
विकायचे नकाशे उघडून बसलो,
घाटाघाटाला बारीक बाण काढत,
कुठून निघालं की भिंत उजवीकडे येते.
अजून वुल्फ क्रीकपर्यंतच पोचलोय.
एक-दोन रस्ते असे आहेत
की दोन्हीकडे दरी.
तिथे पेन्सिल टेकवतो,
आणि काय खूण करावी, सुचत नाही.