फोटोत पाय नव्हते

त्रिशला उपाध्ये पहिल्यांदा सुभाषनगरात आली
तेव्हा तिच्या पायात पांढरे कापडी बूट होते
आणि मोबाईलमध्ये खिद्रापूरच्या एकशेदहा बाया.
दगडातल्या. कुणाचं नाक उडालेलं,
कुणाचा कोपरापासून हात गेलेला,
एकीची तर नुसती कंबर आणि मेखला शिल्लक.
"आक्का, हे अंगावर घालता येईल असं करणार आहे मी."
अहमदाबादला चार वर्षं शिकली
तरी अजून 'मी आलो, मी गेलो' म्हणते,
म्हणून बसायला पाट दिला.

बोटानं फोटो सरकवत गेलो मी.
हार झाले, केस झाले, कंबर झाली.
माझी नजर सवयीनं खाली जाते.
खाली काहीच नव्हतं.
"पोरी, यांचे पाय कुठायत?"
जरा गप्प बसली. मग म्हणाली, फ्रेममध्ये मावले नाहीत.

बुधवारी एसटीनं कुरुंदवाड, पुढं वडाप.
उंबऱ्याबाहेर माझं पायताण काढलं,
नवऱ्यानं केलेलं, अकरा वर्षं वापरातलं,
शेजारी तिचे बूट.
आत छतालाच गोल आभाळ ठेवलंय कुणीतरी
आणि त्याच्याखाली गोल दगड, तळवा भाजेल असा.
ती वर बघून वहीत रेघा ओढत राहिली.
मी भिंतीकडेनं बसत, उठत, बसत
पाय मोजले. वितीनं,
वीत जाईना तिथं अंगठ्यानं.
साडेपाच. साडेपाच. सहा.
टाचा झिजलेल्या, बोटं शाबूत.
एवढ्या शतकांत कुणी मापच घेतलं नसेल
असं उगाच वाटलं. दगडाला कशाला लागतंय.

तिला वेणी पाहिजे होती.
पायताणाच्या पट्ट्यावर असते ती, गव्हाच्या लोंबीसारखी,
जी आमच्यात बायाच वळतात
आणि दुकानात नाव नवऱ्याचं लागतं.
ती तिला गळ्यापासून घोट्यापर्यंत हवी.
हत्ती छातीवर काढले होते तिनं.
म्हटलं, हत्ती खालच्या फेरीलाच ठेव,
ओझं तेच उचलतात.
ते ऐकलं.
डावी बाही मात्र लावू दिली नाही.
"राहिली का गं?" सगळ्या गल्लीनं विचारलं.
"तुटलेली आहे. तुटलेलं शिवायचं नाही."
आमच्यात तुटलेलं आधी शिवतात,
चूल त्याच्यावरच पेटते.
हे मी बोललो नाही.

तिच्या घरात कातडं चालत नाही,
वडलांचा पट्टासुद्धा रेक्झिनचा.
म्हणून चार महिने तो झगा आमच्या खोलीत,
हिरड्याच्या वासात, खिळ्याला.
रात्री जाग आली की एका हाताची बाई उभी.
आधी दचकायचो. मग कूस बदलून झोपायचो.
एकदा तिची आई आली. हात पाठीमागं बांधून
दारातनंच बघितलं, चहाला नको म्हणाली,
आणि जाताना, कुणाला म्हणाली कळलं नाही,
"वेणी बारीक आहे हो."

शिरोलीत बंद पडलेली फौंड्री.
एक पत्रा वाऱ्यानं उडालेला,
तिथनं बाराचं ऊन सरळ खाली.
झगा घातला सुलक्षणा चौगलेनं,
कागलची, कबड्डी खेळणारी, खांदे तिलाच पेलणारे.
कागदावर लिहिलं होतं: अनवाणी चालणे.
मी पिशवीतनं जोड काढला. साडेपाच.
त्रिशला बघत राहिली,
मग भुईवर बसून तिनंच तो तिच्या पायात सरकवला.

कर्र. कर्र. कर्र.
खाली पायताण, वर सगळं अंग,
एकच आवाज.
हा आवाज कायम दाराशी थांबतो,
आत जाताना आपण तो काढून ठेवतो.
पुण्यामुंबईची माणसं फोन वर धरून उभी.

उन्हात येऊन ती थांबली.
सगळे तोंडाकडं बघत होते, मी खाली.
उजवा अंगठा जरा दाबतोय.
उद्या तेल लावून सैल करून द्यायला पाहिजे.