वाघाडीच्या मध्यापर्यंत

नियम असा, की आकडे उत्तरेकडून टाकायचे.
म्हसरूळपासून सुरुवात,
मग ईशान्य, मग पूर्व, मग नागमोडी खाली खाली
थेट देवळालीपर्यंत,
जिथे महापालिका संपते
आणि लष्कराचे चुना फासलेले दगड लागतात.

मी आरेखक. नगररचना, दुसरा मजला,
झेरॉक्सच्या यंत्राला पाठ लावून बसते.
प्रगणक गट फोडायचा नाही,
वस्ती चिरायची नाही,
नदी, रूळ, महामार्ग शक्यतो ओलांडायचा नाही,
आणि तरी प्रत्येक तुकड्यात माणसं
दहा टक्क्यांच्या आत सारखी बसली पाहिजेत.
करून बघा एकदा.
सातपूरला माणसं दिवसा वेगळी, रात्री वेगळी.
तिसऱ्या पाळीचा माणूस कुठल्या प्रभागात झोपतो,
झोपतो तरी का,
याला रकाना नाही.

जुन्या गावात तर टेकड्याच नऊ.
कागदावर जोगवाड्याचा चढ दिसत नाही,
म्हणून तो बोळ मी दोनदा चालून आले
आणि धाप लागली तिथे रेष थांबवली.
टिप्पणीत हे लिहिलेलं नाही.

गोदावरीचं सोपं वाटतं.
'नदीपात्राच्या मध्यापर्यंत' लिहिलं की झालं.
पण मध्य कधीचा?
मे महिन्यात तो दोन डबक्यांमधल्या सिमेंटवर असतो.
गंगापूरचे दरवाजे उघडले की सराफ बाजारात.
दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागतं तेव्हा
मध्य, काठ, पश्चिम विभाग, पंचवटी विभाग
सगळं एका रंगाचं. गढूळ.
साहेब म्हणाले, खैरनारबाई, कोरडा मध्य धरा.

हरकती आल्या तीनशे बारा.
आमची गल्ली त्यांच्यात नको.
त्यांची आमच्यात नको.
एकाने नुसतीच सही केली होती,
हरकत लिहायची राहून गेली.
दोनशे साठावी वहीच्या पानावर, नातीच्या अक्षरात:
ठकूबाई बेंडकुळे, धंदा गोधड्या धुणे.
'प्रभागाच्या हद्दीत वाघाडी नाला असे छापले आहे.
नाला नाही. नदी आहे.
मी तिच्यात पोहले आहे.
दुरुस्ती व्हावी.'

सुनावणीला ती स्वतः आली. पहिली रांग,
मांडीवर पिशवी, पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड, वीजबिल,
नदीला काय पुरावा लागेल सांगता येत नाही म्हणून सगळंच.
मागे माजी नगरसेवक, भावी नगरसेवक,
अत्तराचा वास आणि मोबाइलची घंटा.
आजी, हद्दीला तुमची हरकत नाही ना?
नाही बा. हद्द कुठूनबी न्या.
तिला नाव तेवढं धड ठेवा.
कुणीतरी हसलं.
दीड मिनिट लागलं. शेरा मीच लिहिला:
सीमेवर परिणाम होत नाही. हरकत निकाली.

संध्याकाळी रिक्षा पुलावर थांबवली.
उकळून उकळून उरलेल्या चहासारखं पाणी,
एका टायरवर बगळा,
कठड्याला कुणाचा तरी वाढदिवसाचा फलक.
इथे पोहायचं म्हणजे
किती पाणी असेल तेव्हा?
खांद्याएवढं? लहान मुलीच्या खांद्याएवढं?
रिक्षावाला म्हणाला, मॅडम, नाल्यावर काय बघताय,
मीटर चालू आहे.

अंतिम नकाशा रात्री अकराला छपाईला जायचा होता.
शिपाई गायधनी कुलूप हातात घेऊन उभा.
मी मोठं करून पाहिलं.
नाला, दोन अक्षरं.
नदी, दोन अक्षरं.
काढली, घातली. बाजूचा एकही शब्द सरकला नाही.

राजपत्रात आलं. कुणाच्या लक्षात नाही आलं,
माणसं आपापला आरक्षणाचा रकाना शोधत होती.
पुढच्या रचनेपर्यंत मी निवृत्त असेन.
त्याआधी कुणी विचारलंच,
तर टंकनदोष म्हणायचं ठरवलंय.