तीन कुलपांचा डबा

मालोम्बे सरोवराच्या काठी
असियातूच्या खाटेखाली पत्र्याचा डबा.
कुलपं तीन, किल्ल्या तीन घरांत.

प्रकल्पवाले गेले. जीप गेली.
पाटी राहिली, तिच्यावर आता मासे वाळतात.

मग बायकांनीच ठरवलं:
टोपलीमागे एक नाणं.
त्यातून राखणदाराच्या कंदिलाला तेल,
अन् पाण्यात बुडवायला काटेरी फांद्या,
चांबो माशांच्या विणीच्या जागी
कुणी जाळं ओढलंच
तर फाटावं म्हणून.

काल फाटलेलं सापडलं एक.
मच्छरदाणीचं. निळं.
कोपऱ्यातला टाका तिनं ओळखला,
तिच्याच हातचा.

मुलाला काही बोलली नाही.
उसन्या पैशांनी दंड भरला,
वहीत नाव लिहिलं, पूर्ण,
बापाच्या नावासकट.

मग भर दुपारी
दोन घरं हिंडली
किल्ल्या मागत.