भाव

ओविदिओची वही मी पाहिली आहे.
डिंकाने डकवलेली जाहिरातींची कात्रणं,
शेजारी पेन्सिलीने:
विश्वचषकाआधीचा भाव, नंतरचा भाव.
"आधी घेतात ती गाढवं," तो म्हणायचा,
काउंटरवर मातेचा थर्मास टेकवून.
"फायनल होऊ दे, पोरा,
तूच घ्या घ्या म्हणशील."

खरं होतं ते. अख्ख्या पायसांदूत तसंच व्हायचं.
पण फायनल झाली की त्याला वाटे, अजून उतरेल.
असे तीन विश्वचषक त्याने काढले
जुन्या डब्यावर, ज्यात गवत जांभळं दिसायचं.

भाव उतरला. पडदे रुंदावले.
आणि त्याच्या नजरेच्या मधोमध
एक डाग बसला,
ओल्या पेल्याच्या बुडाचा उमटतो तसा.

जूनचा कडाका. सलामीच्या सामन्याची सकाळ.
नेलिदा एकटीच आली, नोटा लोकरी मोज्यात.
"सगळ्यात मोठा दे."
म्हटलं, बाई, महिनाभर थांबा.
ती म्हणाली, "पावती अर्ध्याची कर."

केली. मालकाला अजून माहीत नाही.

संध्याकाळी वायरी जोडून मी तिथेच रेंगाळलो.
ओविदिओने पावती नाकाशी धरली,
मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने आकडा वाचला.
"बघ! म्हटलं नव्हतं?"
मग खुर्ची तिरकी केली नि तिला म्हणाला, सांग.

जिला जन्मात ऑफसाइड कळला नाही
ती सांगू लागली:
एक आकाशी पळतोय.
दुसरा आकाशी पडला.
आता सगळे भांडतायत.

"आणि गवत?"

हिरवं आहे, ती म्हणाली.
पुष्कळच हिरवं आहे.